संशय डावीकडे, गाठ पुढच्या बाजूला: प्रोस्टेटच्या डिफ्युजन एमआरआयचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण 67 वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना तात्या म्हणू.

आमच्याकडे येण्याच्या साधारण दोन वर्षं आधी रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं आणि धार बारीक झाली आहे, अशी तक्रार घेऊन ते तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, वयानुसार वाढलेलं होतं. टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टराइड एकत्र असलेली गोळी सुरू झाली. त्या वेळी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, होता 5.9 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. वर्षभराने तो 3.9 आला आणि घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. आणखी सहा महिन्यांनी 4.8. "सुरुवातीपेक्षा कमीच आहे की," असं सगळ्यांनीच म्हटलं, आणि आकड्यांकडे नुसतं पाहिलं तर ते खरंही होतं.

पण ड्युटास्टराइड पीएसए जवळजवळ निम्म्यावर आणतं. म्हणजे 5.9 चा आकडा तीनच्या आसपास उतरून तिथेच राहायला हवा होता. तो पुरेसा उतरला नाही आणि उतरल्यावर पुन्हा चढायला लागला. ही गोळी चालू असताना तळाला गेलेला पीएसए वर येऊ लागला, तर तेवढ्यानेच कान टवकारायला हवेत, मग आकडा चारच्या नेहमीच्या मर्यादेच्या आत असो की बाहेर. गोळीचं नाव पीएसएच्या रिपोर्टवर कुठेच नसतं, त्यामुळे लॅबचा छापील कागद पाहणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो.

4.8 च्या आकड्यावर एका युरोलॉजिस्टनी गुदमार्गातून सोनोग्राफीच्या आधाराने बारा तुकड्यांची बायोप्सी केली. कॅन्सर नाही, जुनाट सूज आहे, असा रिपोर्ट आला. तिसऱ्या दिवशी तात्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. लघवीत ई. कोलाय सापडले आणि ते सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नव्हते. आपल्याकडे हे नवलाचं नाही. गुदमार्गातून सुई घालायची आणि जंतू फ्लुरोक्विनोलोनला (सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांना) निर्ढावलेले, असा हा जुना तिढा आहे.

बायोप्सीनंतर तिसऱ्या आठवड्यात एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये डावीकडे मागच्या बाजूला, पेरिफेरल झोनमध्ये (ग्रंथीच्या बाहेरच्या थरात) पाय-रॅड्स 3, संशयाच्या 1 ते 5 च्या मोजपट्टीवरचा मधला आकडा. म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. चार महिन्यांनी पीएसए 5.6. मुलगा पुण्यात नोकरीला, तो फाइल घेऊन इथल्या युरोलॉजिस्टकडे आला आणि त्यांनी आमच्या रेडिओलॉजी विभागाकडे एकच प्रश्न पाठवला: "हा तीन खरा आहे का?"

नेमकी अडचण

फिल्म बघून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मुलाला पहिल्या सेंटरवरून सीडी आणायला सांगितलं. आपल्याकडे अजून लोक भली मोठी फिल्म गुंडाळून आणतात आणि सीडी घरी कपाटात राहते, पण स्कॅन कसा केला होता याची माहिती सीडीतच असते.

सीडीत तीन गोष्टी दिसल्या. मलाशयात भरपूर हवा होती आणि तिच्यामुळे डिफ्युजनच्या चित्रात प्रोस्टेटची मागची कड ओढल्यासारखी वाकडी झाली होती. टी-वन चित्रात (टी-वन आणि टी-टू हे एमआरआयच्या चित्रांचे दोन मूळ प्रकार) डावीकडे पांढरा पट्टा होता, म्हणजे बायोप्सीचं रक्त अजून तिथे होतं. आणि बी-व्हॅल्यू फक्त दोन घेतल्या होत्या, 0 आणि 1000.

इथे डिफ्युजनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर टेकलेले आहेत. निरोगी प्रोस्टेटमध्ये बारीक नळ्या आणि पोकळ्या असतात, त्यात द्रव असतो आणि त्यातले पाण्याचे रेणू बऱ्यापैकी मोकळे फिरतात. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढतात, पोकळ्या बुजवतात आणि पाण्याची हालचाल अडते. तात्यांना हे सांगताना युरोलॉजिस्ट म्हणाले, "काका, दिवाळीत स्टँडवर माणूस चालतो आणि एरवी दुपारी चालतो, त्यात फरक असतो ना? मशीन तोच फरक मोजतं." तात्यांना ते लगेच पटलं.

मशीन हे मोजतं चुंबकीय ग्रेडियंटच्या जोडझटक्यांनी. पहिला झटका प्रत्येक रेणूवर एक खूण करतो, दुसरा ती पुसतो. मधल्या काळात रेणू जागेवरून हलला तर खूण पूर्ण पुसली जात नाही आणि सिग्नल घटतो. झटके किती जोरदार आणि किती अंतराने, हे बी-व्हॅल्यूत मोजतात. एकक सेकंद प्रति चौरस मिलिमीटर. दोन किंवा जास्त बी-व्हॅल्यूंवरून सिग्नल किती वेगाने घटतो ते काढलं की एडीसीचा, म्हणजे पाणी किती मोकळं फिरतं याचा, नकाशा तयार होतो. कॅन्सर तिथे काळा दिसतो. उंच बी-व्हॅल्यूच्या मूळ चित्रात तोच पांढरा उजळतो, कारण बाकी सगळ्यांचा सिग्नल विझलेला असतो.

2019 मध्ये आलेली पाय-रॅड्सची 2.1 आवृत्ती 1400 किंवा त्याहून वरच्या बी-व्हॅल्यूचं चित्र मागते आणि एडीसी मात्र 1000 पर्यंतच्या आकड्यांवरून काढा म्हणते. पहिल्या स्कॅनमध्ये एडीसी होता, उंच बी-व्हॅल्यू नव्हती. मागच्या भागात एकवेळ त्यावाचून निभावतं. पुढच्या भागात निभावत नाही. प्रोस्टेटच्या पुढच्या तोंडाशी तंतू आणि स्नायूंचा एक नैसर्गिक पट्टा असतो, फायब्रोमस्क्युलर स्ट्रोमा. तो टी-टू चित्रात काळा, एडीसीतही काळा. तिथे वाढलेली गाठही टी-टूत काळी, एडीसीत काळी. दोघांना वेगळं करायला उंच बी-व्हॅल्यूचं चित्र मोठ्या कामाचं, कारण पट्टा तिथेही काळाच राहतो आणि गाठ उजळते. पहिल्या सीडीत पुढच्या बाजूला उजवीकडे हा पट्टा थोडा जाड आणि एकांगी वाटत होता. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नव्हता, आणि हातात होती तेवढ्या चित्रांवर करणंही अवघड होतं.

त्यात पीएसए घनतेची गोम होती. प्रोस्टेटचं आकारमान 58 मिलिलिटर. 5.6 ला 58 ने भागलं तर 0.10, म्हणजे 0.15 च्या नेहमीच्या रेषेखाली. ड्युटास्टराइड लक्षात घेऊन पीएसए दुप्पट धरला, 11.2, तर 0.19, म्हणजे रेषेच्या वर. गोळीने ग्रंथीही काहीशी आक्रसते, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. पण तोच कागद, तोच माणूस, आणि एका गोळीच्या नोंदीवर सल्ला उलटा होतो.

समोरचे पर्याय

युरोलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसले तेव्हा चार रस्ते टेबलावर होते.

वाट पाहायची आणि सहा महिन्यांनी पीएसए करायचा, हा तात्यांच्या मनातला रस्ता. पहिल्या बायोप्सीने त्यांना इतकं हैराण केलं होतं की ते स्पष्ट म्हणाले, "डॉक्टर, परत सुई नको. जे व्हायचं ते होईल." ताप आणि दवाखाना आठवल्यावर हे ऐकून घ्यावंच लागतं. पण चढता पीएसए आणि 0.19 ची घनता पाहता थांबणं धोक्याचं होतं.

रिपोर्टमधल्या डाव्या डागावर नेम धरून लगेच बायोप्सी करायची, हा दुसरा. कागदोपत्री हा सरळ वाटत होता. आमच्या मते तो सगळ्यात वाईट. रक्त आणि हवा यांनी मिळून केलेल्या सावलीवर सुई मारली असती, पुन्हा "कॅन्सर नाही" आलं असतं आणि दोन निगेटिव्ह बायोप्स्यांचं समाधान घेऊन माणूस घरी गेला असता.

पीएसएमए पेट स्कॅन, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेला स्कॅन, हा मुलाने इंटरनेटवर वाचलेला रस्ता. निदान झाल्यावर पसरण तपासायला तो उत्तम, पण इथे पहिला प्रश्न अजून सुटायचा होता आणि त्याला स्वस्त साधन हाताशी होतं.

चौथा रस्ता, एमआरआय नीट करून पुन्हा. याच रस्त्यावर खरी चर्चा झाली, कारण "नीट" म्हणजे काय यावर मतं वेगळी होती. विभागातल्या तरुण सहकाऱ्याचं म्हणणं होतं की पुन्हा करायचाच तर प्रगत डिफ्युजन करू. अशा पद्धतींची यादी आता मोठी आहे. कर्टोसिस इमेजिंग सिग्नलची घट सरळ रेषेपासून किती वाकते ते मोजते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधली व्हर्डिक्ट पद्धत सिग्नलची तीन भागांत वाटणी करते: पेशींच्या आतलं पाणी, पेशींबाहेरचं पाणी आणि रक्तवाहिन्यांतलं. आतल्या पाण्याचा वाटा वाढला की कॅन्सरचा संशय, आणि तिथल्या इनोव्हेट अभ्यासात हा वाटा साध्या एडीसीपेक्षा सरस ठरला. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या गटाने अडलेल्या पाण्याचा सिग्नल वेगळा काढणारं रिस्ट्रिक्शन स्पेक्ट्रम इमेजिंग पुढे नेलं. शिकागो विद्यापीठाची हायब्रिड पद्धत बी-व्हॅल्यू आणि एको टाइम (सिग्नल किती वेळाने मोजायचा तो काळ) दोन्ही बदलत जाते आणि प्रत्येक ठिकाणी अस्तर-पेशी, आधार-ऊतक आणि पोकळी यांचं प्रमाण काढते.

यातली कर्टोसिस आमच्या 3 टेस्लाच्या मशीनवर नेहमीच्या सॉफ्टवेअरने जमण्यासारखी होती. व्हर्डिक्टला 90 पासून 3000 पर्यंतच्या बी-व्हॅल्यू, वेगवेगळे एको टाइम आणि मॉडेल बसवायला स्वतंत्र व्यवस्था लागते, ती नव्हती. त्यामुळे ठरलं असं: आधी साधं डिफ्युजन निर्दोष करायचं, त्यावरून रिपोर्ट द्यायचा, आणि त्याच बैठकीत 2000 ची एक जादा फेरी घेऊन कर्टोसिसचा नकाशा काढायचा. तो रिपोर्टला पूरक. पाय-रॅड्सचा आकडा त्याच्या जोरावर बदलायचा नाही, हे स्कॅनच्या आधीच लिहून ठेवलं. नकाशा डोळ्यांसमोर आल्यावर असे नियम आठवत नाहीत.

कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र ठळक करायला शिरेतून देतात त्या औषधाचं, काय करायचं, हाही प्रश्न होता. 2025 मध्ये आलेल्या प्राइम चाचणीत कॉन्ट्रास्टशिवायच्या एमआरआयने महत्त्वाचा (दुर्लक्ष करता येणार नाही असा) कॅन्सर 29 टक्के पुरुषांत पकडला आणि कॉन्ट्रास्टसह 30 टक्क्यांत, म्हणजे फरक नाहीच. मात्र त्या चाचणीतल्या कोणाचीही आधी बायोप्सी झालेली नव्हती आणि स्कॅनचा दर्जा आधी तपासून घेतलेला होता. तात्या त्या गटात बसत नव्हते. आधी निगेटिव्ह बायोप्सी आणि चढता पीएसए असेल तर पाय-रॅड्स 2.1 चा कल कॉन्ट्रास्टकडेच आहे. तडजोड म्हणून हातात सलाइनची सुई लावून ठेवायची आणि डिफ्युजन बिघडलं तर कॉन्ट्रास्ट द्यायचं, असं ठरलं.

स्कॅन

सुरक्षेचा फॉर्म भरताना टेक्निशियनने विचारलं, "काका, वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर काम केलंय का? डोळ्यात कधी कीस गेला होता?" तात्या हसले. एकदा का, कितीदा तरी गेला होता आणि डेपोतल्याच एकाने काडीने काढला होता. मशीनच्या चुंबकात डोळ्यातला लोखंडाचा कण हलू शकतो आणि नजर जाऊ शकते. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला, कण नव्हता, मग पुढे. पहिल्या सेंटरवर हे कोणी विचारलं नव्हतं. प्रोस्टेटशी याचा संबंध नाही, पण वर्कशॉप, फॅब्रिकेशन, वेल्डिंगमधल्या कुणालाही एमआरआयला पाठवताना हा प्रश्न चिठ्ठीवर लिहावा.

आदल्या रात्री हलकं जेवण, सकाळी एनिमा, आतड्यांची हालचाल मंदावायला हायोसीनचं इंजेक्शन. एवढं करूनही सुरुवातीच्या झलक चित्रांत मलाशयात मध्यावर हवेचा फुगा दिसलाच. बाहेर रांग लागलेली. पुढे रेटायचं की खाली उतरवायचं? टेक्निशियनने त्यांना टेबलावरून उतरवलं आणि परत शौचालयात पाठवलं. वीस मिनिटं गेली, बाहेरच्या नातेवाइकांची कुरकुर झाली, पण परतल्यावर मलाशय चपटं आणि रिकामं होतं. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा तांत्रिक निर्णय हाच, आणि तो कुठल्याही मॉडेलशिवाय झाला.

डिफ्युजनसाठी चित्राची चौकट लहान ठेवली, म्हणजे वाकडेपणा कमी होतो, आणि फेज एन्कोडिंगची दिशा डावी-उजवी घेतली, म्हणजे उरलीसुरली ओढ मलाशयाकडून प्रोस्टेटवर येत नाही. बी-व्हॅल्यू 50, 400, 800, मग 1500 स्वतंत्र मोजलेली, मग 2000. उंच बी-व्हॅल्यूंना जास्त आवर्तनं, कारण तिथे सिग्नल उरतोच थोडा. 1500 गणिताने काढता आली असती, अनेक ठिकाणी तशीच काढतात आणि चित्र दिसायलाही स्वच्छ दिसतं. पण गणिताने काढलेली 1500 ही 800 पर्यंतच्या माहितीचीच पुढे ओढलेली रेष असते. खालच्या बी-व्हॅल्यूत रक्ताची किंवा हवेची गडबड असेल तर ती तशीच वर जाते.

चित्रं वाचताना

डावीकडचा डाग नव्हता. टी-वनमधलं रक्त विरून गेलं होतं, एडीसी त्या जागी इतर पेरिफेरल झोनसारखाच, 1600 चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंदाच्या आसपास. पहिला "तीन" रक्ताचा आणि हवेचा होता.

पुढच्या बाजूला उजवीकडे, ट्रान्झिशन झोन (मूत्रमार्गाभोवतीचा आतला भाग) आणि तंतुमय पट्टा यांच्या सीमेवर, 1500 च्या चित्रात एक भिंगाच्या आकाराचा ठिपका ठसठशीत उजळला होता. लांबी 17 मिलिमीटर, एडीसी 680. मधला पट्टा मात्र 1500 वर काळाच. पहिल्या सीडीत जो जाडसरपणा वाटला होता तो हाच.

आता नियमाची बारकाई. ट्रान्झिशन झोनमध्ये मुख्य मान टी-टू चित्राला असतो, डिफ्युजनला नाही. टी-टूत कडा अस्पष्ट होत्या, पण भोवती वाढलेल्या ग्रंथीच्या गाठी इतक्या होत्या की दोघा वाचकांनी स्वतंत्रपणे 3 च दिला. 2.1 आवृत्तीत टी-टूचा 3 असेल आणि डिफ्युजन 5 असेल तर एकूण आकडा 4 होतो. डिफ्युजनला 5 मिळायला 15 मिलिमीटर लागतात; इथे 17 होते. म्हणजे 1500 चं स्वच्छ चित्र नसतं तर हा डाग तीनवरच राहिला असता.

मग कर्टोसिसचा नकाशा उघडला आणि तिथे गुंता झाला. पुढची गाठ नकाशावर उठून दिसत होती, अपेक्षेप्रमाणे. पण डाव्या ट्रान्झिशन झोनमधली एक गोल, पूर्ण आवरण असलेली गाठही तितकीच चमकत होती. आणि मधला तंतुमय पट्टा तर सगळ्यात जास्त.

पट्ट्याचं कोडं आधी सुटलं. त्याचा टी-टू वेळ, म्हणजे सिग्नल विझायला लागणारा वेळ, लहान, म्हणून सिग्नल मुळातच कमी. 2000 वर तो यंत्राच्या खरखरीएवढा उरतो. खरखर शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे घटणारी रेष तळाला टेकून आडवी होते आणि मॉडेलला वाटतं ती वाकली. म्हणजे कर्टोसिस खोटा वाढतो. पुढच्या गाठीचा सिग्नल 2000 वर खरखरीच्या बराच वर होता, म्हणून तिथला आकडा विश्वासाचा. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, पण रंगीत नकाशा समोर असताना मूळ काळ्या-पांढऱ्या चित्राकडे परत जायचं सुचावं लागतं.

डाव्या गोल गाठीचा सिग्नलही पुरेसा होता, म्हणजे तिथे कर्टोसिस खराच वाढलेला. तरुण सहकाऱ्याने हिच्यावरही नेम धरावा असं सुचवलं. पण आधार-ऊतकाने भरलेल्या साध्या वाढीच्या गाठीतही पाणी अडतं. एडीसी घटतो, कर्टोसिस वाढतो. पाणी अडलंय एवढंच हा आकडा सांगतो, कोणत्या पेशींनी अडवलंय ते सांगत नाही. शिकागोची हायब्रिड पद्धत अस्तर-पेशी आणि आधार-ऊतक वेगळे मोजते, ती इथे नेमकी उपयोगी पडली असती. ती हाताशी नसताना रचनेकडे पाहायचं. पूर्ण आवरण असलेली गाठ 2.1 मध्ये 1 मोजतात. आधी लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे तिचा आकडा 1 च राहिला आणि रिपोर्टमध्ये कर्टोसिसचा उल्लेख एका वेगळ्या वाक्यात गेला. कॉन्ट्रास्ट लागलं नाही.

बायोप्सीचा निर्णय

तात्यांना राजी करणं हे स्कॅनपेक्षा कठीण होतं. युरोलॉजिस्टनी मोठ्या स्क्रीनवर 1500 चं चित्र दाखवलं आणि आधीची बायोप्सी कुठून झाली होती ते बोटाने दाखवलं. गुदमार्गातून सुई मागून येते, बारा तुकडे बहुतेक मागच्या भागातले. पुढच्या गाठीपर्यंत ती सहसा पोचत नाही. 2017 च्या प्रॉमिस अभ्यासात महत्त्वाचा कॅन्सर पकडण्यात एमआरआयची संवेदनशीलता 93 टक्के निघाली होती, तर अशा आंधळ्या बायोप्सीची फक्त 48. हे आकडे मुलाला पटले. तात्यांना पटलं ते दुसरंच: या वेळी सुई गुदमार्गातून जाणार नाही, अंडकोश आणि गुदद्वाराच्या मधल्या कातडीतून जाणार, म्हणून त्या तापाची भीती खूप कमी.

"मग पहिल्यांदाच तिथनं का नाही केली?" त्यांनी विचारलं. याला खोलीतल्या कोणाकडे चांगलं उत्तर नव्हतं. सवय, साधनं, भुलीचा खर्च, हीच खरी कारणं.

चित्रं आणि सोनोग्राफी एकमेकांवर बसवणारं फ्यूजन यंत्र त्या दवाखान्यात नव्हतं. रेडिओलॉजिस्टने कागदावर गाठीचा नकाशा काढून दिला: मूत्रमार्गापासून किती अंतर, ग्रंथीच्या तळापासून किती खाली, पुढच्या कडेला कुठे टेकते. गाठीतून चार तुकडे, बाकी ग्रंथीतून नेहमीचे. डाव्या गोल गाठीतून नेम धरून काही घेतलं नाही, पण नेहमीच्या तुकड्यांतले दोन तिच्यातून जातील अशी आखणी केली. वादावर हा मधला मार्ग होता.

निकाल

ताप आला नाही. नेम धरून घेतलेल्या चार तुकड्यांपैकी तीनमध्ये कॅन्सर, ग्लीसन 4+3, म्हणजे आक्रमकतेच्या पाच गटांतला ग्रेड ग्रुप 3. उजव्या पुढच्या एका नेहमीच्या तुकड्यात 3+4. डाव्या गोल गाठीचे दोन्ही तुकडे साधी वाढ. जिथे पहिल्या रिपोर्टने बोट ठेवलं होतं तिथल्या तुकड्यांत काही नाही.

आता पेट स्कॅनची वेळ आली आणि तो झाला. ग्रंथीबाहेर पसरण नव्हती. दुरुस्त पीएसए 11.2 आणि ग्रेड ग्रुप 3 धरून तात्या मध्यम जोखमीच्या वरच्या पायरीवर बसत होते. रेडिएशनसोबत काही महिने हार्मोनची इंजेक्शनं किंवा शस्त्रक्रिया, दोन्ही रास्त होतं. लघवीचा त्रास आधीपासून होता, म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया निवडली. गाठ पुढच्या कडेला आहे हे आधी माहीत असल्याने सर्जनने तिथली चरबी ग्रंथीसोबतच काढली.

काढलेल्या ग्रंथीत गाठ 19 मिलिमीटर, 4+3, ग्रंथीच्या आतच, कडा मोकळ्या. एमआरआयने 17 म्हटलं होतं; तो मोजताना थोडं कमी दाखवतो. डावीकडे मागे 4 मिलिमीटरचा एक 3+3 चा ठिपकाही सापडला, जो दोन्ही स्कॅनमध्ये कोणत्याच बी-व्हॅल्यूवर दिसला नव्हता आणि कर्टोसिसमध्येही नव्हता. एवढ्या लहान, सौम्य कॅन्सरमध्ये पोकळ्या फारशा बुजत नाहीत, पाणी फारसं अडत नाही. सहा आठवड्यांनी पीएसए मोजता न येण्याइतका खाली होता, आणि वर्षभराने तसाच. लघवी गळण्याचा त्रास चार-पाच महिने राहिला, मग थांबला. रात्री आता एकदाच उठावं लागतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच टप्प्यावर, एमआरआय बायोप्सीच्या आधी व्हायला हवा होता. 2018 च्या प्रिसिजन चाचणीने हे मोठ्या प्रमाणावर दाखवलं: आधी एमआरआय आणि मग नेम धरून बायोप्सी केलेल्या गटात महत्त्वाचा कॅन्सर 38 टक्क्यांत सापडला, सरसकट बायोप्सी केलेल्या गटात 26 टक्क्यांत. उलटा क्रम झाला तरी किमान सहा आठवडे थांबलं असतं तर रक्ताची सावली तरी टळली असती. इथे घाई का झाली हे समजण्यासारखं आहे. ताप येऊन गेलेला, घरचे घाबरलेले, "काहीतरी करा" असा आग्रह. पण त्या घाईने हातात आला तो चुकीच्या जागेचा "तीन".

दुसरं, पहिल्या स्कॅनचा दर्जा रिपोर्टमध्ये लिहिलेला असता तर पुढच्या डॉक्टरांना सावध होता आलं असतं. त्यासाठी पाय-क्वॉल नावाचं मोजमाप 2020 पासून आहे. "मलाशयात हवा, 1400 वरची बी-व्हॅल्यू नाही, पुढचा भाग नीट तपासता आला नाही" एवढं एक वाक्य पुरेसं होतं. पाय-रॅड्स 3 वाचणाऱ्याला डॉक्टरचा संशय कळतो, स्कॅनचा कमकुवतपणा कळत नाही.

कॉन्ट्रास्टबाबत मी अजून द्विधा आहे. ते न देता निभावलं, पण मार्गदर्शक तत्त्वांचा कल दुसरीकडे होता आणि टी-टूत दोघांनी 3 दिला तेव्हा कोणी कॉन्ट्रास्ट मागितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. ट्रान्झिशन झोनमध्ये त्याने आकडा बदलला नसता, कारण तिथल्या नियमात कॉन्ट्रास्टला जागा नाही. मनाची खात्री वाढली असती एवढंच.

कर्टोसिसबद्दल विभागात अजून वाद चालतो. सहकाऱ्याचं म्हणणं, पुढच्या गाठीत त्याने एडीसीला दुजोरा दिला, म्हणजे उपयोग झाला. माझं म्हणणं, त्या गाठीचा निर्णय 1500 च्या चित्राने आधीच झाला होता आणि कर्टोसिसने भर घातली ती एका खोट्या संशयिताची. तीन-चार मिनिटांची ती जादा फेरी मी रिकाम्या मलाशयावर किंवा 1500 च्या जादा आवर्तनांवर खर्च करीन. व्हर्डिक्ट किंवा हायब्रिड पद्धत आमच्याकडे नेहमीच्या वेळेत बसू लागली तर मत बदलेल, कारण त्या पाणी कुठे अडलंय याची वाटणी करतात. सध्या कर्टोसिसची फेरी ठेवली आहे, पण फक्त टी-टूत 3 आलेल्या ट्रान्झिशन झोनच्या डागांसाठी, आणि नकाशासोबत 2000 चं मूळ चित्र एकाच पडद्यावर उघडेल अशी मांडणी करून.

एमआरआयच्या चिठ्ठीत दोन रकाने वाढवले आहेत: "ड्युटास्टराइड किंवा फिनास्टराइड चालू आहे का, कधीपासून" आणि "शेवटची बायोप्सी कोणत्या तारखेला". दुसरा रकाना सहा आठवड्यांच्या आतला निघाला तर टेक्निशियन वेळ देण्याआधी फोन करतो. पहिला रकाना बहुतेक वेळा कोरा येतो, कारण रुग्णाला गोळीतल्या औषधाचं नाव माहीत नसतं. म्हणून आता पाकिटच आणायला सांगतो.